नऊ नंबरची टाकी

सोमवार, ३ मार्च
आलो एकदाचा. एक वळकटी, एक ट्रंक आणि पुस्तकांचं खोकं. हमालाने विचारलं, यात काय दगड भरलेत? मी म्हटलं, दगडच, पण डोक्यात घालायचे. खोली गोदीच्या भिंतीला लागून आहे. खिडकी उघडली की समोर उतारावर आपलं जहाज, आपण बांधलेली पहिली युद्धनौका. आजवर आपलं आरमार म्हणजे श्रीमंत देशांनी वापरून टाकलेल्या बोटींवर आपला रंग. थोरल्याचे सदरे धाकट्याने घालावेत तसं. आता आराखडा आपला, पत्रा आपला, जोड आपले. इंजिन अजून बाहेरचं आहे. तेही दिवस जातील.

मी जोडतपासनीस. वीस वर्षं पूल आणि बॉयलर तपासले, संघटनेच्या सभा गाजवल्या, आणि आता हे काम. माझा धाकटा भाऊ याच जहाजाच्या इंजिनखोलीवर नेमला गेलाय. त्याचं पत्र माझ्याआधी येऊन पडलं होतं: दादा, जोड तू तपासणार म्हणजे मी पाय पसरून झोपणार.

बुधवार, ५ मार्च
आज कामाची रीत समजून घेतली. जहाजाच्या तळाशी चोवीस टाक्या आहेत, कमरेएवढ्या उंच; माणूस रांगतच आत जातो. आत जाताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला बाहेरच्या पाटीवर टांगायचा, बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. पाटी रिकामी तर टाक्या रिकाम्या. मग तपासनीस आत एक फेरी मारतो, बाहेर येऊन पत्र्यावर तीन ठोके देतो, कान लावतो, सही करतो. त्यानंतर झाकण वेल्डिंगने कायमचं बंद.

फेरी मारल्यावर ठोके कशाला, मी विचारलं. इथल्या मुकादमाला मोठे साहेबसुद्धा मामाच म्हणतात. मामा म्हणाला, सही बाहेरच्यासाठी, ठोके आतल्यासाठी. माणूस तिखट आहे. आवडला.

एक खोड मात्र वाईट. भोंगा झाला की इथले मुकादम पाटीवरचे सगळे बिल्ले एका मुठीत काढतात आणि फाटकावर वाटतात. मी हटकलं. मामा म्हणाला, फाटकावरची झुंबड वाचते, आणि तीस वर्षांत एकही माणूस आत राहिलेला नाही.

शुक्रवार, ७ मार्च
वीस तारखेला जलावतरण ठरलं. मोठ्या साहेबांनी कामगारांपुढे बोलायला सांगितलं. चाळीस मिनिटं बोललो. जो देश आपलं जहाज बांधत नाही, त्याचा किनारा दुसऱ्याच्या मेहेरबानीवर असतो, हे म्हटलं आणि टाळ्या थांबेनात. शेजारचे देश आपल्या आधी पाण्यात उतरले तर इतिहास आपली तारीख विचारणार नाही, असंही म्हणालो.

त्याआधी नऊ नंबरची टाकी बंद करायची होती. पाटी रिकामी होती. मामाने माणसं मैदानावर पाठवून दिली होती. मी फेरी मारली नाही. सदरा पांढरा होता, भाषणाला उभं राहायचं होतं. बाहेरूनच तीन ठोके दिले. आतून आवाज आला. तीन, जरा थांबून दोन. पत्रा निवताना वाजतो, हे पुस्तकात आहे. वेल्डरला तसं सांगितलं, घसा खाकरला, सही केली. वेल्डर झाकणाला बसला.

सोमवार, १० मार्च
जेवणाच्या सुट्टीत गोदी शांत असते. इंजिनखोलीत एकटाच होतो. पायाखालून आलं: तीन, मग दोन. खाली नऊ नंबरची टाकी.

धावत जाऊन हजेरी मागवली. दोनशे बारा माणसं, दोनशे बारा बिल्ले. रजेवरचे दोघेही घरी आहेत, माणूस पाठवून खात्री केली. कोणी हरवलेलं नाही. हायसं वाटायला हवं होतं.

मामाला खाली आणलं. त्याने कान लावला, टोपी काढली आणि हळूच म्हणाला, साहेब, पत्रा तासाभरात निवतो, तीन दिवस निवत बसत नाही.

बुधवार, १२ मार्च
मोठ्या साहेबांकडे गेलो. टाकी उघडा म्हटलं. झाकण कापायचं, पुन्हा जोडायचं, चाचण्या करायच्या, तारीख आठ दिवस पुढे जाणार. साहेब म्हणाले, हजेरी पुरी आहे, सही तुमची आहे, आता कोणासाठी थांबायचं, भुतासाठी? मग खुर्चीत मागे रेलून माझंच वाक्य मला ऐकवलं. इतिहास आपली तारीख विचारणार नाही.

मी हात जोडले. परत येऊन पत्र्याला कान लावला.

शुक्रवार, १४ मार्च
धाकटा जहाज बघायला आला. त्याची झोपायची जागा इंजिनखोलीला लागूनच, नऊ नंबरच्या टाकीच्या बरोबर वर. मी काही बोलायच्या आत ते वाजलं. त्याने ऐकलं आणि खो खो हसला. म्हणाला, दादा, हे तर तुझं ठोकणं. तू दार असंच वाजवायचास, तीन आणि दोन, आणि आई आतून म्हणायची, थोरला आला.

मला हसता आलं नाही. त्याला म्हटलं, बदली माग. तो म्हणाला, बदली मागू? आणि जगाला काय तोंड दाखवू, भाषणं ठोकणाऱ्याचा भाऊ पळाला म्हणून?

सोमवार, १७ मार्च
ठोके मंद झालेत. मधे मोठी विश्रांती. माणूस दमावा तसे.
जेवण नाही. झोप नाही. आत कोणी नाही हे मला ठाऊक आहे. आत कोणीतरी आहे हेही.
मामाच्या पाया पडलो. तो तयार झाला. परवा दुपारी सगळे समारंभाच्या तालमीला मैदानावर असतील. झाकण कापायचं, मी आत जाऊन बघायचं, लगेच पुन्हा जोडायचं.

बुधवार, १९ मार्च, दुपार
झाकण कापलं. बिल्ला टांगला. दहा नंबरच्या टाकीत अजून सहाजण आहेत, त्यांचे बिल्लेही पाटीवर. मामा तोंडाशी उभा.

आत आलो. बॅटरी फिरवली. रिकामी. कोपरा न् कोपरा. साधा खिळाही पडलेला नाही. बसल्याबसल्या आनंदाने हे लिहितोय. धाकट्याला आजच सांगतो, पाय पसरून झोप.

मोठे साहेब वरून मामाला हाक मारतायत. मामा आत ओरडून म्हणाला, आलोच.

भोंगा. दहामधले सहाजण निघाले. दुसरा कोणी मुकादम आलाय, आवाज ओळखीचा नाही. पाटी खणखणली. सगळे बिल्ले, एका मुठी—

ओरडलो. वर भोंगा चालूच—

झाकण बसलं. उजेड गेला.

(बॅटरीच्या उजेडात)
बाहेर तीन ठोके. देवा. कान लावतोय कोणीतरी. मी उत्तर दिलं. तीन. मग दोन. हाताला तेवढंच येतं.

बाहेर म्हणाला, पत्रा निवताना वाजतो, पुस्तकात आहे.

मग घसा खाकरला. माझा घसा.

झाकणाच्या कडेने लाल रेघ फिरतेय—

नंतर
मैदानावरून माझं सात तारखेचं भाषण. चाळीस मिनिटं. टाळ्या. छान बोलतोय.

नंतर
मामा. टोपी काढल्याचं दिसत नाही, पण कळलं.

नंतर
धाकटा हसला. वर, अगदी डोक्यावर. मी ओरडलो. त्याला फक्त ठोके—

नंतर
हवा कमी. बॅटरी पिवळी.
एकोणिसाला तो आत येईल, मला शोधायला. टाकी रिकामी सापडेल. मग भोंगा होईल.
मी ठोकणं थांबवलं तर तो येणार नाही. तो वाचेल. तो म्हणजे मी.
पण थांबवलं, तर मला बाहेर कोण—

थांबवतो. आता थांबवतो.

हात ऐकत नाही. तीन. मग दो—