मावशीच्या बाहुलीच्या गिरक्या

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (इथे दोन टेबलांच्या मध्ये वाकायलाही जागा नाही, तेव्हा कागदावरच मानून घे). गुडघा काय म्हणतोय? काका अजून तुझाच चष्मा लावून पेपर वाचतात का? मी ठणठणीत आहे. परवा सकाळी मात्र नव्हते.

तुला सांगितलं होतं ना, आम्ही पाण्यात बारीक स्फटिक मिसळतो (मिठाचा कण त्यांच्यापुढे धोंडा), त्या पाण्याची केसाहून बारीक धार सोडतो आणि धारेवर क्ष-किरण मारून कणांची चित्रं टिपतो. त्या किरणांसाठी चौदा महिने रांगेत थांबावं लागतं आणि पदरात पडतात सहा तास. ते वाया गेले असते तर स्फटिक वाढवण्यात घातलेले माझे नऊ महिने पाण्यात आणि नोकरीही गेली असती. आदल्या दिवशी कुणीतरी ते पाणी भरलेल्या सिरिंजला धक्का मारला, म्हणून मी तिच्यावर चिठ्ठी डकवली, 'हात लावाल तर याद राखा!' आमचे लोक एरवी कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, नेमके त्या दिवशी गुणी बाळं झाले. सिरिंज तोंड वर करून ढिम्म उभी, आणि न हलवलेल्या औषधासारखे सगळे कण तळाशी. दोन तास आम्ही नुसत्या पाण्याचे फोटो काढले. आमचे सर घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होते (ओरडले असते तर बरं वाटलं असतं).

सिरिंज आडवी ठेवून संथ फिरवत राहायला हवी होती. ते करणारं यंत्र शेजारच्या गटाने नेलेलं, आणि किरण चालू असताना त्या खोलीत माणसाला सक्त मनाई. तेवढ्यात वर्कशॉपचा फिटर आला. हातात तू माझ्याकडे दुरुस्तीला दिलेली, गाण्याच्या पेटीवर गिरक्या घेणारी चावीची बाहुली, काकांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी आणलेली. "झाली बघा! काय मस्त फिरतेय!" म्हणाला. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी बाहुलीकडे.

मग काय, पेटी आडवी केली, फिटरने कसलासा फिरता जोड लावून सिरिंज बसवली. दर दहा मिनिटांनी किरण बंद करायचे, आत जाऊन चावी द्यायची आणि बाहेर पळायचं. आत बाहुलीचं गाणं, बाहेर सरांची मान डोलतेय. पडद्यावर ठिपक्यांची पहिली नक्षी उमटली आणि माझा जीव भांड्यात पडला. आठ हजार चित्रं मिळाली, मावशी! मी जिन्यात बसून पोटभर रडले. नोकरी शाबूत आहे.

तुझी लाडकी (निदान पार्सल येईपर्यंत),
भाची

ता. क. बाहुली पार्सलने पाठवली आहे. काका फिरायला गेले की मगच उघड.

आणखी ता. क. सिरिंज बसवायला बाहुलीचं डोकं उतरवावं लागलं. फिटरने परत घट्ट चिकटवलंय.

शेवटचा ता. क. उलटं चिकटवलंय. आता ती मागे बघत नाचते. काकांनी पाहिलंच तर म्हणावं, इतकी वर्षं झाली तरी अजून तुम्हालाच वळून बघतेय.