केकाटणारी गाय

तुंगार्ली, गुरुवार

प्रिय श्रीयश,

फोनवर तू आधी हसतोस आणि मग ऐकतोस, म्हणून लिहायला बसले. तुझ्या त्या आवाजांची मला किळस येते. आजही येते. बेंगळुरूच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवलास, तो पाहिला. चांगली शहाणीसुरती माणसं डोळे मिटून बसलीत आणि तू खेळण्यातल्या बदकाला ओकायला लावतोयस! जेवण गेलं नाही मला.

लहानपणी खेळणं आणलं की दुसऱ्या दिवशी तू त्याचं पोट फाडायचास, ते एक वेळ समजू शकते. पण कॉलेजात गेल्यावर आतल्या सर्किटवर नको तिथे वायरी जोडून भलतेसलते आवाज काढायला लागलास. त्यासाठी बोट चाटायचं आणि त्या सर्किटला टेकवायचं. ओलं बोट लागलं की आवाज वाकतो म्हणे. शी! त्याच बोटांनी पोळी तोडायचास. बाबा तर पेटून उठायचे. जन्मभर शाळेत मुलांचे उच्चार घासूनपुसून घेतलेला माणूस, घरातला हा गोंगाट सोसणार कसा? वायरी डागायची ती सोल्डरिंगची गन पुन्हा या घरात दिसता कामा नये, असं त्यांनी ठणकावलं आणि तू बॅग भरलीस. शिरगावला दर्शनाला गेलो होतो तेव्हा घेतलेली प्लास्टिकची गाय मात्र तुझ्या कपाटात राहिली, पाठीवर आतल्या सर्किटला जोडलेले दोन पितळी स्क्रू बसवलेली.

पक्षाघाताच्या झटक्याने बाबांची वाचा गेली. तू जानेवारीत येऊन गेलास तेव्हा तोंडून एक अक्षर फुटत नव्हतं, अजूनही नाही. पण एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. त्यांचं बघायला कुरवंड्याहून धोंडाबाई येतात ना, त्यांनी कपाट आवरताना ती गाय काढली, नवे सेल घातले आणि बाबांचा विरंगुळा म्हणून पांघरुणावर ठेवली. बाबांच्या तोंडातून लाळ गळते, तीच बोटांना लागलेली. ती बोटं स्क्रूंवर टेकली आणि गाय अशी केकाटली की माझ्या हातातला चहा सांडला. मग काय, रोजचंच झालं. पाणी हवं असलं की लांब, चिरका हंबरडा. पंखा बंद करायचा असला की बारीक चिरचिर. आणि माझ्यावर चिडले की एक गलिच्छ, लांबलचक ढेकर! ती तर मला दिवसातून कितीदा तरी मिळायची. तुला कळवलं नाही, कारण तू नाचला असतास.

त्या स्क्रूंवर लाळ वाळून पिवळट थर बसलेला. मला बघवेना, सारखी नाक मुरडायचे. सोमवारी धोंडाबाईंनी गाय भांड्याच्या साबणाने नळाखाली खसाखसा धुतली. मी ओरडले तर रडवेल्या झाल्या. "ताई, लय घाण झालती वो. तुमीच म्हनत व्हता न्हवं का?" उन्हात ठेवली, तांदळाच्या डब्यात पुरली, सेल बदलले. हूं नाही की चूं नाही. बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या कैलासने उघडून पाहिली आणि डोकं खाजवलं. म्हणाला, "काकू, हे ज्यानं जोडलंय त्यालाच बोलवा."

काल संध्याकाळी बाबांनी बोटं चाटली, अगदी तुझ्यासारखी, आणि गाईच्या पाठीवर टेकवली. थांबले. पुन्हा टेकवली. मग तीच ओली बोटं माझ्या मनगटावर ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पुसायला पदर उचलला होता, तो तसाच सोडला. आणि श्रीयश, मी हंबरले. चांगला गळा ताणून. धोंडाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. बाबांनी मात्र वर्गात उच्चार चुकला की हलवायचे तशी मान हलवली, आणि बोटं पुन्हा माझ्या मनगटावर टेकवली. तू ये. गन घेऊन ये, आणि पूर्वीसारखं गॅलरीत नको, इथे त्यांच्या पलंगाशीच बस. तोवर मी हंबरतेय, पण मला तो आवाज जमत नाही रे.

तुझीच,
आई