चौथ्या खांबाजवळची तार

ताई,

तुझा फोन लागत नाहीये, म्हणून हे लिहून फ्रीजवर लावतोय. बाबा घरात नाहीत. फाटकाचं कुलूप जसंच्या तसं, म्हणून मी वेड्यासारखा तासभर खोल्या आणि माळाच धुंडाळत बसलो. मग मागच्या जाळीत चौथ्या खांबाजवळ एका तारेची टोकं ताजी वळवलेली दिसली. जन्मभर लोकांची कुंपणं घालणाऱ्या माणसाला मी जाळीने अडवायला निघालो होतो. त्यांनी ती एक तार फिरवत काढली, तशी जाळी उभी उघडली, बाहेर पडले आणि बाहेरून पुन्हा नीट ओवून ठेवली. माझं नाव आठवत नाही त्यांना, पण काम अर्धवट सोडलं नाही.

मी कालव्याकडे जातोय, तू बसस्टँड बघ. निळा स्वेटर आहे, पाय अनवाणी. कुंपण नको म्हणत होतीस, मी ऐकलं नाही. काय बोलायचं ते नंतर बोल.

पक्कड बाहेर गवतात सापडली. म्हणून ती तार मी काढून ठेवलीये, परत घालू नकोस. फाटक त्यांच्या लक्षात नसतं. आले तर जाळीच्या त्या फटीतूनच येतील, आणि हात रिकामे असतील.