खदानीतला खुंट

बा, तुझ्या खदानीत मी यंदा सुट्टी घालवून आले. हो, सुट्टी! तू तिथं कधी धड आजारपणाचीसुद्धा रजा घेतली नाहीस, आणि तुझी लेक तिथं गादीवर लोळून आली. तुझ्या नातीनं दसऱ्याला जोडून आलेले दिवस साधले, फोनवर कुठलंसं 'डोंगरातलं शांत ठिकाण' शोधलं आणि मला मोहोपाड्याहून उचलून गाडीत घातलं. कर्जत मागं पडलं, पळसदरीच्या पुढं गाडी आत वळली आणि मी काच खाली केली. पाऊस नुकताच सरलेला, गवत कमरेएवढं, तेरडा वाळत आलेला, हळवं भात पिवळं पडलेलं. मग ती उतरंड दिसली, जिच्यावरून खडीचे ट्रक खाली जायचे. मी म्हटलं, "अगं ए, थांबव गाडी. हे माझ्या बापाचं ऑफिस आहे." जावई खो खो हसला. त्याला वाटलं, सासूबाईंनी विनोद केला.

आता तिथं पाणी आहे, बा. तुम्ही पाडलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठून हिरवंगार तळं झालंय. क्रशर होता तिथं जेवणाची खोली आहे. मुकादमाच्या शेडच्या जागी झुले टांगलेत. तळ्यात बदकाच्या आकाराच्या पायडल मारायच्या बोटी. पण उतरंडीच्या टोकाशी, पाण्यातून वर आलेला, आपला खुंट तसाच उभा आहे. माथ्यावरचा आपटासुद्धा! मी गाडीतून उतरले ती आधी त्यालाच बघत राहिले, आणि मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

लेकीला मग सगळं समजावून सांगावं लागलं. खदान खणताना मधे एक खांब न फोडता सोडायचा, म्हणजे मूळची जमीन कुठवर होती नि किती दगड काढला हे मोजता येतं. बाकी सगळा डोंगर खाली जातो, हा तेवढा जागच्या जागी राहतो. माथ्यावर पहिलंच गवत, पहिलीच माती. बार भरायचं काम तुझं. चहूबाजूंनी सुरुंग उडवायचे आणि खुंटाला धक्का लागू द्यायचा नाही, ही तुझी मिजास. "माझा आजोबा सुरुंग लावायचा?" लेक म्हणाली. मी म्हटलं, "मग! तुला काय वाटलं, फुलबाज्या?"

दसऱ्याचा दिवस मला अजून दिसतो. एरवी बायकापोरांना आत पाय टाकायला बंदी, त्या एका दिवशी मात्र आम्ही सगळी उतरंडीनं खाली जातो. पहारी, घण, छिन्न्या धुऊन खुंटाच्या पायाशी मांडलेल्या असतात, त्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ. त्या दिवशी दगडाला कुणी हत्यार लावत नाही. मग तू शिडी लावून खुंटावर चढतोस. माथ्यावरच्या आपट्याची पानं घेऊन उतरतोस आणि पहिलं पान माझ्या हातावर ठेवतोस. म्हणतोस, "घे गं. डोंगराचं सोनं हाय. आज तरी मागून आणलंय." बाकीचं वर्षभर न मागताच घेतो, हे तू बोलायचा नाहीस, पण मला कळायचं.

आणि तो एक दसरा, ज्याची आठवण मला त्या तळ्याकाठी काही केल्या सोडेना. मारुतीच्या देवळातून मी द्रोणभर शेंदूर आणला होता, तेलात कालवून. केवढ्या हौसेनं खुंटाला फासला, दोन डोळेसुद्धा काढले. तू बघितलंस आणि तुझा चेहराच बदलला. सगळ्यांदेखत माझा हात धरून बाजूला केलंस, आईच्या हातचा पाण्याचा हंडा घेतलास आणि घासघासून शेंदूर काढलास. "देव केलास त्याला? आगं, हा देव नाय, साक्षीदार हाय. डोंगर हितवर होता, येवढंच सांगतो तो. देव केला का माणसं त्याच्याकडं मागत बसत्यात आन् डोंगर इसरत्यात. देव म्हणायचं आन् त्याचंच पोट फोडायचं, ही थेरं आपल्यात नाय चालायची." मी दिवसभर जेवले नाही. संध्याकाळी तू जवळ बसवून घेतलंस, पण बोलायला गेलास तर खोकल्यानं तुला बोलू दिलं नाही. तो खोकला तुला शेवटपर्यंत सोडून गेलाच नाही. दगडाची पूड छातीत जाऊन बसलेली, आणि वैद्य म्हणायचे हवा बदला. कुठली हवा बदलणार होतास तू!

तर आता ऐक. जेवणाच्या खोलीत भांडी घासायला वरच्या ठाकरवाडीतली एक म्हातारी येते. तिनं माझ्याकडं टक लावून बघितलं आणि म्हणाली, "तू सुरुंगवाल्याची पोर ना गं? नाक तेच हाय." ती आईबरोबर वर, खदानीच्या काठावर, खडी फोडायला बसायची. तिनंच सांगितलं की उद्या, ऐन दसऱ्याला, मशीन येणार आहे. खुंट पाडायचा. पाण्यावरून दोरीला लोंबकळत जायचा खेळ बसवायचाय, त्याला हा मधे येतो. मी मॅनेजरला गाठलं. चांगला मुलगा, पण मालकाच्या ताटाखालचं मांजर. म्हणाला, "मॅडम, साधा दगडच आहे ना तो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साधा दगड! अख्ख्या डोंगरातला तेवढाच उरलाय, आणि म्हणे साधा दगड. लेक कानाशी लागली, "आई, सुट्टीला आलोय, सीन नको ना करूस." मी म्हटलं, "सीन अजून सुरू कुठं झालाय?"

मी ठरवलं होतं, बा. तो पडणार नाही. अर्जविनंत्या करून बघितल्या, मालकाला फोन लावून बघितला, तो उचलेना. दसऱ्याच्या सकाळी उतरंडीवर पिवळं मशीन घरघरत उभं राहिलं, तेव्हा माझ्याकडं एकच उपाय उरला होता, आणि तो कोणता हे तुला आतापर्यंत कळलं असेलच. म्हातारीला म्हटलं, "मावशी, शेंदूर मिळंल?" ती गेली ती वाटी घेऊनच आली. आम्ही दोघी त्या बदकात बसलो. हसू नकोस! माझे गुडघे कुरकुरतायत, तिचे पाय पायडलला पुरत नाहीत, बदक जागच्या जागी गोल फिरतंय, काठावर जावई डोक्याला हात लावून उभा. "सरळ घे गं बाय, सरळ!" म्हातारी ओरडतेय. पोचलो एकदाच्या. मी मूठभर शेंदूर घेतला आणि मशीनच्या बाजूनं, लांबूनही दिसेल असा, खुंटाला फासला. डोळेसुद्धा काढले. झेंडूची माळ टेकवली.

मशीनवाला खाली उतरला. त्यानं आधी चपला काढल्या. "काय बी सांगा, साहेब," तो मॅनेजरला म्हणाला, "शेंदराच्या दगडाला मी मशीन लावत नसतो. घरी लेकरंबाळं हायेत माझी." दुपारी मालक आला, आपल्याच तालुक्यातला, पांढऱ्या गाडीतून. माझ्याकडं बघून म्हणाला, "काकू, काल तर इथं देव नव्हता." मी म्हटलं, "काल तुम्ही बघितला नव्हता." तो चिडला, तोंड उघडलं, पण सगळे कामगार हात जोडून उभे होते. त्यानंही बूट काढले. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाला आणि मशीन माघारी गेलं. मी म्हटलं, "बघू की. पुढच्या दसऱ्याला मी आहेच." खरंच जाणार आहे. दर दसऱ्याला जाणार आहे, काठी टेकत जावं लागलं तरी, आणि तिथं येणाऱ्या प्रत्येकाला सांगणार आहे की डोंगर हितवर होता.

पण तू म्हणालास तेच झालं. निघायच्या दिवशी कुणीतरी बदकातून जाऊन खुंटाशी नारळ ठेवला होता. स्वयंपाकघरातल्या पोरीनं लग्न जमू दे म्हणून नवस बोललाय. जावयानं गुपचूप हात जोडले, प्रमोशनसाठी असणार. डोंगराचं कुणी काही विचारलं नाही. लेकीनं तेवढं म्हातारीकडून आपट्याचं एक गळलेलं पान मागून घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं.

हे लिहून कुठं पाठवणार, उशाखाली ठेवीन. समोर असतास तर हंडा घेऊन निघाला असतास, म्हणून समोर नाहीस तेव्हाच सांगते. माणसं मागत बसतात म्हणालास, तशी पहिली मीच बसले, बा. बदक गोल फिरत होतं, शेंदूर ओला होता, आणि मी डोळे मिटून त्या दगडाला म्हटलं, माझ्या बापाची छाती आता तरी मोकळी असू दे.