खांबाचं कोरं पान

१४ मार्च, सकाळ
मैदानावरच्या ऑफिसातून

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मी मजेत, गुडघा त्याच्या मर्जीने. तुझं शिवणाचं दुकान जोरात चाललंय असं आईकडून कळलं. तुझा नवरा अजून स्वतःच्या विनोदांवर एकटाच हसतो ना? हसू दे बिचाऱ्याला.

आज मी फार खुशीत आहे, म्हणून लिहायला बसले. आणखीही एक कारण आहे, ते सवडीने सांगते.

आमच्या फुटबॉल अकादमीत पंधरा वर्षांची एक बचावपटू आहे. सगळ्या तिला ‘खांब’ म्हणतात. तिला ठेवायचं की घरी पाठवायचं, ते काल मला ठरवायचं होतं. माझी पद्धत तुला माहीत आहे: चेंडू हिसकावला की वहीत नावापुढे एक रेघ. बाकीच्यांची पानं रेघांनी भरलेली, हिचं चार सामन्यांनंतरही जवळजवळ कोरं. ना धावपळ, ना घसरणं; सामना संपला तरी कपडे इस्त्रीचे. मी मनातल्या मनात ‘नको’ म्हणून मोकळी झाले होते.

काल ऐन सराव सामन्यात तिच्या बुटाचा सोल निघाला. दुसरा बूट मिळेपर्यंत बदली पोरगी उतरवली. दहा मिनिटांत तिच्या नावापुढे सात रेघा! मी खूश. पण त्याच दहा मिनिटांत आमच्यावर दोन गोल झाले. खांब परत आली आणि त्या बाजूने चेंडू यायचाच बंद झाला. आमची गोलकीपर म्हणाली, "मॅडम, ही समोर असली ना, की मला जांभया येतात. तिच्याकडून कुणी येतच नाही हो!"

मी कपाळावर हात मारून घेतला. ती आधीच अशा जागी जाऊन उभी राहायची की समोरच्या पोरी मुकाट्याने वाट बदलायच्या. मग हिसकावणार काय, कपाळ? तिला ठेवलं. सांगितल्यावर आधी खांबासारखीच उभी राहिली, मग गोलकीपरला उचलून गरागरा फिरवलं.

आता ते दुसरं कारण. माझा गुडघा गेला आणि खेळ सुटला, त्या वर्षी आपल्या कोच सरांनी निवडीची वही माझ्याकडे दिली होती. तुझ्या पानावर ‘ठेवू नये’ हे मी लिहिलं, धाकटे. सरांनी फक्त सही केली. तू माझ्याच कुशीत रडलीस, आणि मी तुझ्याबरोबर सरांना शिव्या घातल्या. बावीस वर्षं हे गिळून बसले.

तुझंही पान कोरं होतं. तुझ्या बाजूनेही कुणी यायचं नाही.

कुठे उभं राहायचं ते खांबाला कळतं, पण इतर पोरींना समजावता येत नाही. मलाही नाही. तुला येईल. रविवारी ये. बूट आणून ठेवलेत, पाय अजून माझ्याएवढाच असेल असं धरून. भांडायचं असेल तर खुशाल भांड, पण बूट घालून.

फाटकाशी उभी असेन.

तुझी चुकलेली,
ताई