एक रोजा बाकी

१४ ऑक्टो. २००४, गुरुवार
घरी शुभाचे घट बसले. सकाळीच साबुदाणा भिजलेला. बायकोचा उपवास असला की सगळ्यात जास्त खातो मी.
इथे आखातात गुरुवारी सुट्टी, तरी मला ड्यूटी. रुसैलच्या कारखान्यांपाशी कामगारांच्या बसमागे अडकलो, तरी वेळेत तुरुंगात. दवाखान्यात पहिलं ड्रेसिंग हमदानचाचांचं. सूर बंदराचे, लाकडी बोटी बांधणारे. जुना डायबेटिस, डाव्या अंगठ्याखाली जखम. आले तेव्हा वास मारत होती, आता स्वच्छ, लाल. हे माझ्या हातचं काम आहे. डॉ. उस्मान वाकून बघत "गुड" म्हणाले. सुदानी माणूस, महिन्यातून एकदा गुड म्हणतो.
पण साखर बिघडली तर अंगठा जाणार, कदाचित पाऊलही. चाचांना ते ठाऊक आहे. "पाँव चाहिए डाक्तर, नाव पे चढना है." तरुणपणी माल घेऊन मुंबई-रत्नागिरी करायचे, त्यामुळे हिंदी बरं. मी डॉक्टर नाही, नर्स आहे, हे सांगून थकलो. आता सांगत नाही. ऐकायला बरंच वाटतं.
कशासाठी आत आहेत ते माहीत नाही. दवाखान्यात विचारायचं नाही, अशी पद्धत.

१६ ऑक्टो.
रमजान सुरू. डॉ.नी सगळ्या इन्सुलिनवाल्यांना बजावलं, रोजा ठेवायचा नाही, आजाऱ्याला माफ आहे. चाचांनी मान डोलावली. सकाळी दवाखान्याच्या खिडकीशी इन्सुलिन, मग नाश्त्याचा ट्रे घेऊन बराकीत. सगळं शिस्तीत. गावच्या आरोग्य केंद्रात अण्णांना बी.पी.च्या गोळीसाठी तीन खेपा घालाव्या लागतात. इथे कैद्याला गोळी वेळेवर मिळते, आणि ती देणारा मी.

१९ ऑक्टो.
दुपारच्या अजानच्या सुमारास गार्ड नासर धावत आला. चाचा जमिनीवर, घामाने निथळत, शुद्ध नाही. साखर इतकी खाली की मशीन बिघडलं वाटलं. शीर सापडेना... सापडली. ग्लुकोज दिलं. डोळे उघडले. पहिलं वाक्य काय? "तूने मेरा रोजा तोड दिया."
म्हणजे रोज सकाळी माझ्याकडून इन्सुलिन घ्यायचं आणि ट्रे शेजारच्या केरळी कैद्याला द्यायचा!
भडकलो. "चाचा, मर जाते आप!"
"तो रोजे में मरता."
आतल्या खोलीत दार लावून पाणी प्यायलो.

२० ऑक्टो.
काल शुभाला सांगितलं. ती सहज म्हणाली, "मग मधे दूध-केळं द्या की. उपवासाला चालतं." आणि मला पटलं! इतकी वर्षं इथे आहे, पाणीसुद्धा चालत नाही हे माहीत आहे. तरी वाटलं, आजाऱ्याला थोडी सूट असेल, आईला नाही का चतुर्थीला चहा चालायचा.
गेलो आणि गंभीरपणे म्हणालो, "रोजा रखो चाचा, बीच में खाली दूध-केला ले लो. उपवास में चलता है."
नासर पोट धरून हसायला लागला. चाचा पण. "ये रोजा है क्या डाक्तर? ये तो नाश्ता है!" अख्ख्या बराकीत बातमी गेली. उद्यापासून मला केलावाला म्हणणार.
हसून झाल्यावर चाचा बोलायला लागले. "इधर कपडा इनका, खाना इनका, चाबी इनकी. रोजा मेरा है."
परत येऊन त्यांचा चार्ट काढून बसलो.

२१ ऑक्टो.
डॉ.शी वाद घातला. मी! ते म्हणाले, मी स्वतः रोजे ठेवतो, मी सांगतोय की त्याला माफ आहे, विषय खलास. मी म्हटलं, "सर, तो ठेवणारच. आपल्यापासून लपवून ठेवणार. आपल्याला कळेल ते तो पडल्यावर."
डॉ.नी पेन काढलं. मोठा डोस संध्याकाळी रोजा सोडताना, लहान डोस पहाटे. दुपारच्या अजानला बोट टोचून साखर बघायची. थेंबभर रक्ताने रोजा मोडत नाही, हे त्यांनीच चाचांना समजावलं. अट एकच, साखर खाली आली तर तिथल्या तिथे खजूर खायचा, वाद नाही. चाचांनी शपथ घेतली. डॉ. मला म्हणाले, "तुझी जबाबदारी."
घाबरलो. छातीही फुगली, खोटं कशाला बोलू.

२२ ऑक्टो.
दसरा. सूर्यास्ताला मी तुरुंगात, आपटा घरी. शुभा फुगलीय. पहाटेचा डोस रात्रपाळीवाला देतो, पण संध्याकाळचा मी दुसऱ्याला देणार नाही. बराकी त्या वेळी बंद असतात. नासरने तुरुंगाच्या साहेबांकडे जाऊन दवाखान्याची खिडकी उघडी ठेवायची आणि चाचांना तिथे आणायची परवानगी मिळवली. दोन दिवसांपूर्वी हाच हसत होता.

१ नोव्हें.
खिडकीशी आज आणखी दोघे. तेही लपवून रोजे ठेवत होते! म्हणाले, चाचांसारखं आमचंही करा. डॉ.ना सांगितलं. "गुड." महिना भरायच्या आत दुसऱ्यांदा.
जखम भरतेय. कडेने नवी कातडी. दोनदा बघितली, एकदा गरज नसताना.

१२ नोव्हें.
लक्ष्मीपूजन. संध्याकाळचा डोस देऊन घरी. मराठी मंडळातली माणसं फराळाला. कोणीतरी विचारलं, साहेब कुठे असतात? एरवी शुभा "सरकारी दवाखान्यात" म्हणून विषय बदलते. आज चकलीचं ताट पुढे करत म्हणाली, "आमचे हे तुरुंगात असतात." एकाची चकली हातातच राहिली! शेवटी मुलगीच बोलली, तिच्या इंग्लिश-मराठीत, "बाबा तिकडे लोकांना बरा करतो." मग मीच सगळं सांगितलं, केळ्यासकट. लाडू खाता खाता पोटभर हसले. शुभा मात्र हसली नाही, माझ्याकडे बघत होती. आवडलं मला.

१४ नोव्हें.
ईद. सणानिमित्त शिक्षा माफ झालेल्यांत चाचांचं नाव! शेवटचं ड्रेसिंग मी केलं. नखाएवढी जखम उरलीय. अंगठा शाबूत. पट्टीवर सैल चप्पल घालून स्वतःच्या पायांनी दरवाजापर्यंत गेले. मला मिठी मारली, आणि कानात म्हणाले, "एक रोजा बाकी है. तूने तोडा था. घर जाके रखूँगा."
"कब?"
"इन्शाल्ला."
म्हटलं, आधी सूरच्या हॉस्पिटलात जा. डोस बदलून घ्या. दुपारी साखर बघायला कोणीतरी हवं. एकटे असताना रोजा ठेवू नका.
त्यांनी मान डोलावली. अगदी रमजानच्या पहिल्या दिवशी डोलावली होती तशी.

२० नोव्हें.
वेळापत्रक पूर्ववत. सकाळी इन्सुलिन, नाश्त्याचे ट्रे. आता ट्रे खिडकीशीच संपवायला लावतो. सगळे कुरकुरतात, पण खातात.
दुपारची अजान झाली. हात ग्लुकोमीटरकडे गेला. समोर कोणीच नव्हतं.
चाचांनी आज ठेवला असेल का, तो बाकी रोजा?