श्रीकांतची गाडी

मालमड्डी, धारवाड
६ डिसेंबर १९८७

प्रिय श्रीकांत,

परवा शेजारी अंबूताईंकडे तुझा फोन आला तेव्हा तू आधी गाडीचं विचारलंस, मग अप्पांचं. दोन्ही वेळा मी ‘बरं आहे’ म्हणून मोकळी झाले. त्यांच्या जेवणघरात सगळी पानावर बसलेली, आणि लाइनीत तुझा आवाज निम्मा ऐकू येत होता. आज रविवार, शाळा नाही, अप्पा झोपलेत. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

तू अमेरिकेहून आणलेली ही गाडी गणपतीच्या सुमारास थरथरायला लागली. चालताना तक्रार नसायची, पण रेल्वेच्या फाटकाशी किंवा बैलगाडीमागे थांबावं लागलं, की इंजिन नुसतं गदगदायचं आणि मध्येच बंद पडायचं. मागून काळा धूर, आणि माझ्या पातळाला पेट्रोलचा वास. हुबळीला गोकुळ रोडच्या गोविंद मेकॅनिककडे, तू जायचास त्याच्याकडेच, मी ती नेत राहिले. त्यानं प्लग साफ केले, फिल्टर बदलला, रबरी नळ्या एकेक चाचपून पाहिल्या. दोन दिवस बरी चालायची, की पुन्हा तेच. शेवटी तोही वैतागला. असली गाडी आयुष्यात दुसरी बघितली नाही, अंदाजानं किती हात घालू, म्हणाला. शाळा सुटल्यावर हुबळी गाठायची, तिथं लाकडी बाकावर बसायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं, यानं माझा अगदी जीव गेला.

मग ठेवून का नाही दिलीस, असं तू म्हणशील. अप्पांसाठी नाही ठेवली. तुम्ही दोघं नवराबायको पुन्हा अमेरिकेला गेलात त्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी कोट चढवून ते गाडीत बसायला तयार. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळं पुढची लॉरी ओलांडायची तर मला रस्ता दिसत नाही. अप्पा उजवीकडून मान काढून बघायचे आणि रस्ता मोकळा असला की ‘हं, होगु’ म्हणायचे, की मी जायची. सुभाष रोडला कुणी ना कुणी विचारायचंच, श्रीकांत कधी येतोय म्हणून. गाडी ठेवून गेलाय म्हणजे येणारच की, असं अप्पांचं ठरलेलं उत्तर. ते त्यांना देता यावं, एवढ्यासाठी मी गाडी चालती ठेवत होते.

दिवाळीनंतर त्यांना हुबळीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. येताना नवलूरच्या चढावर पुढं लॉरी अडकली, आम्ही थांबलो, आणि गाडी बंद पडली. काही केल्या सुरू होईना. ढकलायला कुणी मिळतंय का बघायला मी उतरून थोडी पुढं गेले. वळून बघते तर अप्पा गाडीच्या मागं, कोट घातलेलाच, दोन्ही हात टेकून ढकलतायत. मी हाक मारीपर्यंत ते खाली बसले. बसले ते उठलेच नाहीत. एका बसच्या ड्रायव्हरनं बस थांबवली, चार माणसांनी उचलून आत घेतलं, आणि त्याच बसनं आम्ही उलट हुबळीच्या दवाखान्यात गेलो. उतारूंपैकी कुणीही कुरकुर केली नाही.

डॉक्टर म्हणाले, गाडी ढकलल्यामुळं झालं असं नाही. हृदय आधीच थकलेलं होतं, त्या दिवशी ते कळलं, इतकंच.

अप्पा दवाखान्यात असताना मी एकदा गोविंदकडे गेले. गाडी त्यानं ओढून नेली होती. बोलता बोलता मी म्हटलं, सकाळी थंड असताना ही कधीच थरथरत नाही, तापली की सुरू होतं. तो थांबला. तू ठेवून गेलेलं जाडजूड पुस्तक मला वाचायला लावलं. मी वाचून अर्थ सांगत होते, तो गाडीखाली शोधत होता. धुराच्या नळीत बोटाएवढा एक सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो इंजिनला कळवतो, आणि त्यावरून पेट्रोल कमीजास्त होतं. इंजिन गार असताना त्याचं ऐकत नाही, तापलं की ऐकतं. गोविंदनं गाडी तापवली, ती गदगदायला लागल्यावर सेन्सरची वायर काढली, आणि इंजिन हळूहळू एका लयीत आलं. सेन्सर खोलला तर टोकावर राखेसारखा थर. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं, ते त्यावर बसलं होतं. नवा बसवला तरी याच पेट्रोलवर तोही जाणार. तेव्हा आता वायर काढूनच चालवायची. पेट्रोल जास्त खाईल, पण बंद पडणार नाही.

मला इतका आनंद झाला, की अप्पांना घरी आणल्या आणल्या पलंगाशी बसून हे सगळं सांगितलं. बरं वाटलं की पुन्हा संध्याकाळी जाऊ, म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाले, “विमल, ती गाडी विकून टाक गं आता.”

मी म्हटलं, श्रीकांत आला की काय म्हणेल?

“तो काही राहायला येत नाही. गेला त्याच दिवशी मला कळलं होतं. तू वाट बघत होतीस, म्हणून मी बसत होतो गाडीत. त्या खोल सीटवरून उठताना गुडघे किती दुखतात, तुला काय सांगू.”

मग मीही सांगून टाकलं, की मला वाटत होतं तुम्हीच वाट बघताय. ते थोडं हसले. मलाही हसू आलं, आणि मग डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना. त्यांनी चहा मागितला म्हणून मी उठून आत गेले.

गाडी गोविंदच घेतोय, पण त्यासाठी हे पत्र नाही. डॉक्टर आता महिन्यांची भाषा करत नाहीत. अप्पा दोन खोल्यांपलीकडे चालत नाहीत, पायांवर सूज आहे, उशाला तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपतात. तुला कळवायचं नाही, अशी त्यांची ताकीद आहे. पोराला कामावरून उठवून आणू नकोस, म्हणतात. मी ती मोडतेय. पुढच्या वर्षी कायमचं येतो, असं आता लिहू नकोस. त्याची वाट इथं कुणी बघत नाही, आणि तूही ते ओझं उतरवून ठेव. फक्त आठ दिवसांसाठी ये, लगेच ये. कळवायच्या भानगडीत पडू नकोस, सरळ दारात येऊन उभा राहा. मी फार थकलेय रे. उठवणं, बसवणं, औषधं, सगळं मी करीन. पण ते जातील तेव्हा घरात मी एकटीच असेन, एवढं मात्र मला झेपणार नाही.

तुझीच,
विमलअक्का